‘चार्ज’चे सतरा अर्थ: एका सोप्या इंग्रजी शब्दाची उकल पायरीपायरीने

इंग्रजीतून मराठीत अनुवाद करायला लागलेल्या माणसाला अवघड शब्द फारसे अडवत नाहीत. अवघड शब्द दिसला की तो कोश उघडतो, अर्थ पाहतो आणि पुढे जातो. घात करतात ते सोपे शब्द. ते आपल्याला येतातच असं वाटतं, म्हणून कोश उघडला जात नाही आणि मनात पहिला आलेला अर्थ कागदावर उतरतो.

‘चार्ज’ हा तसाच शब्द. फोन चार्जिंगला लागलेला असतो. बँकेचा मेसेज येतो, चार्जेस कापले. नव्या साहेबांनी चार्ज घेतला. मोर्चावर लाठीचार्ज झाला. पोलिसांनी चार्जशीट दाखल केली. मेकॅनिक सांगतो, एसीचा गॅस चार्ज करावा लागेल. इंग्रजी न शिकलेली माणसंही हे सगळं अचूक बोलतात. मात्र इंग्रजी परिच्छेदात हाच शब्द आला की सगळं एकमेकांत मिसळतं.

मी सरकारी आणि न्यायालयीन कागदपत्रांचे अनुवाद करते आणि नव्या अनुवादकांचे मसुदे तपासते. त्या कामातून बसलेली पद्धत इथे मांडते आहे. ती कुठल्याही बहुअर्थी शब्दाला लागू पडते, पण दहा शब्दांना वरवर हात लावण्यापेक्षा एकच शब्द तळापर्यंत खणलेला बरा. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे, कायद्याच्या पहिल्या वर्षाला आलेले, मराठी माध्यमातून शिकून इंग्रजीत काम करायला लागलेले, अशांसाठी हा लेख आहे.

## हाताशी काय असावं

- शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी कोश. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन किंवा कॉलिन्स कोबिल्ड, यांपैकी एक पुरे. चारही इंटरनेटवर मोफत पाहता येतात. लाँगमनच्या कोशातल्या व्याख्या सुमारे २००० सोप्या शब्दांच्या मर्यादेत लिहिलेल्या असतात, त्यामुळे व्याख्या समजून घ्यायला दुसरा कोश लागत नाही.
- भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश. शासन व्यवहार कोश, न्यायव्यवहार कोश, पदनाम कोश आणि तुमच्या विषयाचा कोश. सरकारी मराठीत कोणता शब्द रूढ आहे, हे ठरवताना यांच्याकडे आधी जायचं.
- मोल्सवर्थ. पहिली आवृत्ती १८३१, सुधारलेली १८५७. हा मराठी-इंग्रजी कोश आहे, म्हणून त्याचा उपयोग उलट्या दिशेने होतो. तो कसा, ते सहाव्या पायरीत येईल.
- समानार्थी शब्दांचा कोश, म्हणजे थिसॉरस. हा सगळ्यात शेवटी उघडायचा.
- एक वही. कागदाचीच हवी असं नाही, पण तुमची स्वतःची हवी.

इंग्रजी-मराठी खिशातला कोश मी यादीत मुद्दाम घेतलेला नाही. त्यात ‘चार्ज’समोर ‘आरोप, भार, किंमत, हल्ला, जबाबदारी’ अशी रांग असते. यातला कोणता शब्द कधी वापरायचा, ते मात्र तो सांगत नाही.

## १. जे अर्थ येतात ते आधी लिहून काढा

कोश उघडण्याआधी हे करा. ‘चार्ज’ शब्द असलेली, तुम्ही रोज ऐकता ती वाक्यं लिहा. मराठीत मिसळलेली चालतील. डिलिव्हरी चार्ज, सर्व्हिस चार्ज, इनचार्ज सिस्टर, अ‍ॅडिशनल चार्ज, लाठीचार्ज, चार्जशीट, चार्जर, रिचार्ज, डिस्चार्ज. दहाबारा सहज निघतील.

आता त्यांचे गट पाडा. बहुतेकांचे पाच होतात: पैसे, जबाबदारी, आरोप, हल्ला, वीज. इथवर कुणालाही जमतं. खरा प्रश्न यापुढे येतो. या पाचांचा एकमेकांशी संबंध काय? पैसे आणि हल्ला एकाच शब्दात कसे आले? याचं उत्तर मिळालं नाही तर पाच अर्थ पाठ करावे लागतात, आणि पाठ केलेलं ऐन वेळी आठवत नाही.

## २. मूळ शोधा

मोठ्या इंग्रजी कोशात नोंदीच्या सुरुवातीला किंवा शेवटी व्युत्पत्ती दिलेली असते. नवखे ती ओळ ओलांडून जातात. तिथे थांबा.

‘चार्ज’ इंग्रजीत आला जुन्या फ्रेंचमधून, आणि फ्रेंचमध्ये आला उत्तरकालीन लॅटिनमधल्या ‘कारिकारे’ या क्रियापदातून. ‘कारुस’ म्हणजे गाडी आणि ‘कारिकारे’ म्हणजे गाडीवर माल लादणे. जहाजातला ‘कार्गो’ याच मुळातला, स्पॅनिशमार्गे आलेला. ‘कॅरिकेचर’ही तिथलाच, इटालियनमार्गे: चेहऱ्यावर नाकडोळे जास्तीचे लादून काढलेलं चित्र.

म्हणजे मूळ कल्पना एकच. कुणावर तरी किंवा कशावर तरी काहीतरी लादणे. आता पाचही गट पुन्हा पाहा. गिऱ्हाइकावर रक्कम लादली की तो शुल्काचा चार्ज. अधिकाऱ्यावर कामाचं ओझं ठेवलं की पदाचा चार्ज. माणसावर गुन्ह्याचा ठपका ठेवला की कोर्टातला चार्ज. बंदुकीत किंवा तोफेत दारू ठासली की तोही चार्ज, आणि सुरुंगातल्या दारूला इंग्रजीत आजही तेच म्हणतात. हल्ल्याचा अर्थ बहुधा या शस्त्र भरण्यातूनच पुढे आला. वीज साठवणाऱ्या काचेच्या बरणीत, ‘लायडन जार’मध्ये, अठराव्या शतकातले प्रयोग करणारे वीज ‘भरत’ होते, म्हणून तिथेही हाच शब्द बसला. बेंजामिन फ्रँकलिनच्या लिखाणात तो सापडतो.

मराठी माणसाला हे समजायला इंग्रजांपेक्षाही सोपं आहे, कारण आपल्या भाषेने तीच वाट धरलेली आहे. कार्यभार, पदभार, प्रभारी, अधिभार, विद्युतभार या सगळ्यांत ‘भार’ आहे. सातबाऱ्यावर चढतो तो ‘बोजा’. आणि ‘आरोप’? संस्कृतात आरोपण म्हणजे वर चढवणे, ठेवणे. आपणही आरोप ‘ठेवतो’ आणि ठपकाही ‘ठेवतो’. हे एकदा लक्षात आलं की ‘चार्ज’ परका राहत नाही.

प्रत्येक शब्दाचं मूळ इतकं मदतीला येत नाही, हे खरं. पण पाहिल्याशिवाय ते कळत नाही, आणि पाहायला दोन मिनिटं लागतात.

## ३. शेजारचा शब्द पाहा

इंग्रजीत अर्थ पुष्कळदा शब्दयोगी अव्यय ठरवतं. शब्द एकटा वाचू नका, त्याच्या उजवीकडे काय आहे ते पाहा.

- चार्ज फॉर: पैशाचा अर्थ. ‘दे चार्ज फिफ्टी रुपीज फॉर पार्किंग’, म्हणजे पार्किंगचे पन्नास रुपये घेतात.
- चार्ज टू: कुणाच्या नावे टाकणे. खर्च अमुक खात्यावर टाका.
- चार्ज अ‍ॅट: अंगावर धावून जाणे. बैल, हत्ती, जमाव.
- इन चार्ज ऑफ: ज्याच्याकडे जबाबदारी आहे तो.
- चार्ज विथ: इथे सावध राहा.

‘चार्ज विथ’ दिसलं की नवा अनुवादक ‘आरोप’ लिहून मोकळा होतो. ‘चार्ज्ड विथ थेफ्ट’ असेल तर ते बरोबर आहे, चोरीचा आरोप. पण ‘द कमिटी वॉज चार्ज्ड विथ ड्राफ्टिंग द रूल्स’ या वाक्यात समितीवर आरोप नाही. नियमांचा मसुदा करण्याचं काम तिच्यावर सोपवलेलं आहे. अव्यय तेच, अर्थ उलटा. ‘विथ’नंतर गुन्हा आहे की काम आहे, हे पाहिल्याशिवाय पेन उचलू नये. सरकारी अहवालांत हे वाक्य वारंवार येतं.

दुसरा सापळा एका छोट्या ‘द’चा. ‘द नर्स इज इन चार्ज ऑफ द चाइल्ड’ म्हणजे मूल नर्सच्या ताब्यात. ‘द चाइल्ड इज इन द चार्ज ऑफ द नर्स’ म्हणजेही तेच. ‘द’ आला की कर्ता बदलतो, सांभाळणारा आणि सांभाळला जाणारा यांची जागा उलटते. शिवाय जुन्या वळणाच्या इंग्रजीत सांभाळायला दिलेल्या मुलालाच ‘माय चार्ज’ म्हणतात. तिथे ‘माझा आरोप’ लिहिलं तर वाक्याचा अर्थच जातो.

## ४. क्षेत्र ठरवा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, म्हणून इथे जरा वेळ देते. कागद कुठल्या खात्याचा आहे हे कळलं की निम्मा अर्थ कळतो.

वीजबिल. सुरुवात घरातल्या कागदापासून करा. महावितरणच्या मराठी बिलात ‘स्थिर आकार’, ‘वीज आकार’, ‘वहन आकार’ अशा ओळी असतात. इंग्रजीत त्या फिक्स्ड चार्ज, एनर्जी चार्ज आणि व्हीलिंग चार्ज. म्हणजे इथे चार्जला मराठी शब्द ‘आकार’. ‘आकारणे’, ‘आकारणी’ त्याच कुळातले. त्याच बिलात ‘वीज शुल्क’ असतं, पण ते चार्ज नाही. ती ड्यूटी आहे, राज्य सरकारचा कर. आणि ‘मंजूर भार’ असतो, तो सँक्शन्ड लोड. एकाच कागदावर आकार, शुल्क आणि भार हे तीन वेगळे शब्द तीन वेगळ्या इंग्रजी शब्दांसाठी नेमून दिलेले आहेत. त्यांची अदलाबदल केली तर बिल चुकीचं होतं. नव्या अनुवादकाने असं एक बिल भिंतीवर चिकटवून ठेवावं.

कचेरी. ‘टेकन ओव्हर चार्ज’ म्हणजे पदभार किंवा कार्यभार स्वीकारला. ‘अ‍ॅडिशनल चार्ज’ म्हणजे अतिरिक्त कार्यभार. राजनैतिक पत्रव्यवहारात ‘शार्जे-दाफेर’ भेटतो. तो फ्रेंच शब्द आहे आणि त्याचा अर्थ कामाचा भार सोपवलेला. १९६१ च्या व्हिएन्ना करारात दूतावासप्रमुखांच्या तीन श्रेणी आहेत, त्यांतली तिसरी ही. मराठीत ‘प्रभारी राजदूत’ म्हणतात.

फौजदारी कोर्ट. इथे चुका सर्वांत जास्त होतात आणि त्या महागात पडतात, कारण एखाद्या माणसाबद्दल खोटं छापलं जातं. क्रम ध्यानात ठेवा. आधी गुन्हा नोंदवला जातो, तो एफआयआर. मग तपास. तपास संपल्यावर पोलीस न्यायालयात अंतिम अहवाल देतात, तो चार्जशीट, म्हणजे आरोपपत्र किंवा दोषारोपपत्र. त्यानंतर न्यायालय कागद पाहून दोषारोप ठेवतं. बातमीच्या भाषेत ‘आरोप निश्चित करतं’. तो ‘फ्रेमिंग ऑफ चार्जेस’. पुढे साक्षीपुरावे, मग निकाल.

म्हणून ‘कोर्टाने आरोपपत्र दाखल केले’ हे वाक्य चूक. आरोपपत्र पोलीस किंवा तपास यंत्रणा दाखल करते. ‘चार्ज्ड’चा अनुवाद ‘दोषी’ करणं तर त्याहून मोठी चूक. दोषी म्हणजे ‘कन्व्हिक्टेड’, आणि ते निकालानंतरच ठरतं.

परदेशी बातमी असेल तर आणखी एक गाठ असते. ब्रिटनमधल्या बातमीत ‘पोलीस चार्ज्ड हिम’ असं येतं. त्याला ‘गुन्हा दाखल केला’ म्हणू नका. गुन्ह्याची नोंद आधीच झालेली असते. तिथे त्या व्यक्तीवर औपचारिक आरोप ठेवले गेलेले असतात, आणि मराठीतही तसंच लिहावं.

‘चार्ज टू द ज्युरी’ हा आणखी वेगळा प्रकार. इथे आरोपीचा संबंध नाही. न्यायाधीश ज्युरीला, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाला, कायदा आणि पुरावा समजावून सांगतात, त्या निवेदनाला हे नाव आहे. भारतात आता ज्युरी नाही, तरी जुने निकाल वाचताना हा शब्द गाठतोच. मुंबईचा नानावटी खटला हे त्याचं ठळक उदाहरण. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपी नानावटींना निर्दोष ठरवलं, सत्र न्यायाधीशांनी ते न मानता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, आणि तिथे वादाचा मोठा भाग हाच होता की ज्युरीला केलेल्या त्या ‘चार्ज’मध्ये चुकीचं मार्गदर्शन झालं होतं का. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २४ नोव्हेंबर १९६१ चा. तो वाचताना ‘मिसडायरेक्शन इन द चार्ज’ला ‘आरोपातील चूक’ असं समजलात तर सगळा युक्तिवाद हातातून निसटेल.

खात्यांतर्गत चौकशीतलीही चार्जशीट असते. तिला ‘दोषारोपपत्र’ म्हणतात, पण ती पोलिसांची नव्हे आणि तिचा निकाल कोर्टात लागत नाही. बातमीत कुठली चार्जशीट आहे हे एका शब्दाने तरी स्पष्ट करा.

जमीन. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०० मध्ये ‘चार्ज’ची व्याख्या आहे: एकाची स्थावर मालमत्ता दुसऱ्याच्या पैशासाठी तारण आहे, पण तो व्यवहार गहाणात मोडत नाही. म्हणून या चार्जला ‘गहाण’ म्हणता येणार नाही, कायदाच तसं सांगतो. ‘बोजा’ चालतो. गावात बोजा हा शब्द सैल वापरला जातो. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज दिसलं की लोक ‘बोजा आहे’ म्हणतात, मग मागे गहाणखत असो वा नसो. बोलण्यात त्याने काही बिघडत नाही. दस्तऐवजाच्या अनुवादात मात्र मूळ कागदात मॉर्टगेज आहे की चार्ज, हे पाहूनच लिहा. कंपन्यांच्या कागदांत ‘सॅटिस्फॅक्शन ऑफ चार्ज’ येतं. त्यात कुणाच्या समाधानाचा प्रश्न नाही, कर्ज फिटून बोजा उतरला एवढंच.

अर्थसंकल्प. स्पर्धा परीक्षावाल्यांनी हे पाठच करावं. ‘चार्ज्ड एक्स्पेंडिचर’ म्हणजे ‘भारित खर्च’. संविधानाच्या अनुच्छेद ११२(३) मध्ये केंद्राचा आणि २०२(३) मध्ये राज्यांचा असा खर्च सांगितला आहे. राष्ट्रपतींचं वेतन, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचं वेतन, राज्यात राज्यपालांचं आणि विधानसभा अध्यक्षांचं वेतन वगैरे. यावर सभागृहात चर्चा होऊ शकते, पण मतदान होत नाही. ज्यावर मतदान होतं तो खर्च महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पीय कागदांत ‘दत्तमत’ म्हणून दिसतो. ‘चार्ज्ड’ला इथे ‘आकारलेला खर्च’ म्हटलं तर परीक्षकाला कळतं की विषय समजलेला नाही.

विज्ञान. पाठ्यपुस्तकात विद्युतभार किंवा विद्युतप्रभार. एकक कूलोम. इलेक्ट्रॉनवरचा भार ऋण, सुमारे १.६०२ × १०⁻¹⁹ कूलोम. फोनच्या बॅटरीवर ५००० मिलीअँपिअर-तास लिहिलेलं असतं, ते याच राशीचं माप आहे, १८,००० कूलोम. तेवढा विद्युतभार बॅटरीतून मंडलात फिरवता येतो, बॅटरी स्वतः मात्र विद्युतदृष्ट्या उदासीनच राहते. चार्ज होताना तिच्यात रासायनिक रूपात ऊर्जा साठते. म्हणून ‘फोन चार्ज करणे’ला ‘विद्युतभारित करणे’ असा प्रतिशब्द घडवू नका. ‘चार्ज करणे’ हेच मराठी झालेलं आहे, ते तसंच ठेवा.

रणांगण. घोडदळाची समोरासमोरची धाव. क्रिमियन युद्धात २५ ऑक्टोबर १८५४ ला बालाक्लाव्हाला ब्रिटिश घोडदळाने केलेला, आणि २३ सप्टेंबर १९१८ ला हैफा इथे जोधपूर आणि म्हैसूरच्या लान्सर्सनी केलेला, हे दोन इतिहासाच्या पुस्तकांत हमखास येतात. मराठीत ‘चढाई’, ‘एल्गार’, ‘चाल करून जाणे’, ‘तुटून पडणे’ असे शब्द आपल्याकडे भरपूर आहेत. ‘हल्ला’ हा त्यांतला सर्वांत फिका.

## ५. आता, आणि आताच, समानार्थी शब्द

थिसॉरस शेवटी उघडायला सांगितलं त्याचं कारण हे: समानार्थी शब्द शब्दाला नसतात, अर्थाला असतात. ‘चार्ज’खाली फी, अक्यूज, अटॅक आणि कस्टडी हे सगळे मिळतील, पण त्यांचं एकमेकांशी काही नातं नाही. अर्थ ठरला, क्षेत्र ठरलं, की मग त्या एकाच खणातले शब्द पाहा, आणि त्यांच्यातला फरक पाहा.

पैशाच्या खणात: डॉक्टर, वकील, शाळा यांची ‘फी’. बस, रेल्वे, रिक्षाचं ‘फेअर’. रस्त्याचा किंवा पुलाचा ‘टोल’. दंड असेल तर ‘फाइन’. विम्याचा हप्ता ‘प्रीमियम’. घरभाडं ‘रेंट’. वस्तूची ‘प्राइस’, आणि ती बनवायला किंवा मिळवायला लागलेली ‘कॉस्ट’. ‘टॅरिफ’ म्हणजे दरपत्रक, आणि आंतरराष्ट्रीय बातमीत आयातशुल्क. ‘चार्ज’ हा यांत सर्वांत सैल शब्द, एखाद्या सेवेपोटी मागितलेली कुठलीही रक्कम.

इथे एक व्यवहारातली गोष्ट सांगते, कारण अनेकांना ती ठाऊक नसते. हॉटेलच्या बिलातला ‘सर्व्हिस चार्ज’ हा सरकारचा कर नाही. कर म्हणजे जीएसटी. सर्व्हिस चार्ज हॉटेल स्वतः लावतं, आणि तो बिलात आपोआप लावू नये अशा मार्गदर्शक सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला काढल्या. त्याला ‘सेवाकर’ म्हणणं चूक आहे. सेवाकर, म्हणजे सर्व्हिस टॅक्स, वेगळा होता आणि २०१७ मध्ये जीएसटीत विलीन झाला.

आरोपाच्या खणात: ‘अलेज’ म्हणजे पुराव्याआधीचं म्हणणं, ‘कथित’. ‘अक्यूज’ कुणीही कुणावर करू शकतं, अगदी घरातसुद्धा, आणि त्याच्यामागे ‘ऑफ’ येतं, ‘विथ’ नाही. ‘चार्ज’ औपचारिक. ‘इंडाइट’ हा अमेरिकी बातम्यांत ग्रँड ज्युरीने ठेवलेल्या आरोपासाठी येतो. ‘इम्पीच’ म्हणजे महाभियोग, आणि तोसुद्धा फक्त आरोप ठेवणं. पदावरून काढणं नव्हे. डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर २०१९ आणि २०२१ मध्ये प्रतिनिधिगृहाने महाभियोग ठेवला आणि दोन्ही वेळा सिनेटने त्यांना निर्दोष ठरवलं. ‘ब्लेम’ला कायद्याशी काही देणंघेणं नाही, तो नुसता दोष देणं.

जबाबदारीच्या खणात ‘कस्टडी’ला जपा: मुलाची कस्टडी म्हणजे ताबा, आरोपीची कस्टडी म्हणजे कोठडी.

हल्ल्याच्या खणात ‘रेड’ म्हणजे छापा, ‘अ‍ॅम्बुश’ म्हणजे दबा धरून केलेला हल्ला. ‘चार्ज’ नेहमी उघडा, समोरून आणि धावत. आपला ‘लाठीचार्ज’ हा भारतीय इंग्रजीचा शब्द. ब्रिटिश बातमीत त्याच जागी ‘बॅटन चार्ज’ असतो. मराठीत लाठीमार.

## ६. उलटा अनुवाद करून पाहा

तुम्ही लिहिलेला मराठी शब्द घ्या आणि मोल्सवर्थमध्ये किंवा परिभाषा कोशाच्या मराठी बाजूने शोधा. परत इंग्रजीत जाताना तो ‘चार्ज’पाशी पोचतो का, की दुसऱ्याच गावाला जातो? ‘शुल्क’ लिहिलंत आणि उलटा गेलात तर फी किंवा ड्यूटी मिळेल. मग मूळ वाक्यात ते चालतं का ते बघा. ‘भार’ लिहिलंत तर लोड आणि वेट मिळतील. अशा वेळी जोडशब्द करावा लागतो: कार्यभार, विद्युतभार, अधिभार. नुसता ‘भार’ एकट्याने क्वचितच उभा राहतो.

मोल्सवर्थ जुना आहे, त्यामुळे आजचे कार्यालयीन शब्द त्यात मिळणार नाहीत. पण एखाद्या मराठी शब्दाच्या किती छटा होत्या, हे तो जितकं सांगतो तितकं दुसरं कुणी सांगत नाही.

## ७. शब्दाच्या घरातली माणसं ओळखून घ्या

‘डिस्चार्ज’ म्हणजे लादलेलं उतरवणे. हॉस्पिटलातून सुट्टी मिळते तो डिस्चार्ज. धरणाची दारं उघडल्यावर बातमीत ‘कोयनेतून इतके क्युसेक विसर्ग’ असतो, तो ‘विसर्ग’ही डिस्चार्जच. कर्तव्य पार पाडणं, कर्ज फेडणं, बंदूक झाडणं, हेही.

कोर्टातला डिस्चार्ज मात्र वेगळा लक्षात ठेवा. खटला चालवण्याइतका पुरावाच नाही असं न्यायालयाला वाटलं तर दोषारोप ठेवण्याआधीच आरोपीला सोडलं जातं. ती ‘दोषमुक्ती’, म्हणजे डिस्चार्ज. पूर्ण खटला चालून गुन्हा सिद्ध झाला नाही तर ती ‘निर्दोष मुक्तता’, म्हणजे ‘अ‍ॅक्विटल’. मथळ्यांत हे दोन्ही सर्रास एक केले जातात. कायद्याच्या विद्यार्थ्याने ते कधीही एक करू नयेत.

‘सरचार्ज’ म्हणजे अधिभार. ‘ओव्हरचार्ज’ म्हणजे जादा पैसे घेणं. ‘ग्राउंडवॉटर रिचार्ज’ म्हणजे भूजल पुनर्भरण, किती नेमका शब्द आहे तो. ‘चार्ज्ड अ‍ॅटमॉस्फिअर’ प्रेरणेचं असेल तर भारलेलं वातावरण, भांडणाचं असेल तर तंग.

‘चार्जर’ला जुन्या पुस्तकांत भलतेच दोन अर्थ आहेत. एक म्हणजे लढाईतला घोडा. दुसरा, मोठं ताट. बायबलच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं शिर ‘चार्जर’मध्ये आणलं जातं, ते ताटात.

## ८. वहीतली नोंद कशी करावी

शब्द आणि अर्थ अशी दोन रकान्यांची नोंद करू नका. चार रकाने करा: मूळ वाक्य पूर्ण, क्षेत्र, तुम्ही निवडलेला मराठी शब्द, आणि नाकारलेला शब्द कारणासह. शेवटचा रकाना भरायचा कंटाळा येतो, पण सगळी वही त्याच्यासाठी आहे. उदाहरणार्थ:

*मूळ वाक्य:* द कमिटी वॉज चार्ज्ड विथ ड्राफ्टिंग द रूल्स.
*क्षेत्र:* प्रशासन, समितीचा अहवाल.
*निवडलेला:* काम सोपवले.
*नाकारलेला:* आरोप ठेवला. कारण ‘विथ’नंतर गुन्हा नाही, काम आहे.

वाक्य नेहमी खऱ्या कागदातून घ्या: निकालपत्र, बिल, परिपत्रक, बातमी. स्वतः रचलेल्या वाक्यात आपल्याला आधीच माहीत असलेला अर्थच पुन्हा येतो.

‘चार्ज’ पुरा झाला की पुढचा शब्द ‘ऑर्डर’ घ्या. त्यात आदेश, हुकूम, क्रम, सुव्यवस्था, मागणी आणि कोर्टाचा निर्देश आहे, आणि ‘इन ऑर्डर टू’, ‘आउट ऑफ ऑर्डर’, ‘पॉइंट ऑफ ऑर्डर’ अशी तीन अवघड वळणं आहेत. विधिमंडळात ‘पॉइंट ऑफ ऑर्डर’ला ‘औचित्याचा मुद्दा’ म्हणायचं की ‘हरकतीचा मुद्दा’, इथून सुरुवात करा. हरकतीचा. औचित्याचा मुद्दा म्हणजे ‘पॉइंट ऑफ प्रोप्रायटी’, आणि तो वेगळा असतो.